ओक्सालची पुढची काच

रनाळ्यातून आजवर लेकी काही कमी नांदायला गेल्या नाहीत. पण पाठवणीचा नारळ गाडीच्या चाकाखाली ठेवायचा सोडून काचेवर फेकून मारणारा बाप गावानं एकच पाहिला, तो म्हणजे दोधू पाटील. तेव्हा ज्या पोरांना दातही आले नव्हते तीसुद्धा ही गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी रंगवून सांगतात, आणि दोधूनाना पारावरून जायला लागले की तेवढ्यापुरती गप्प बसतात.

गाडी होती वॉक्सहॉल. रनाळ्याच्या जिभेवर ती ओक्साल झाली आणि ओक्सालच राहिली. दोधूच्या वडिलांनी नंदुरबारच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून ती जुनीच घेतली होती. गोल पाठीची, गुळगुळीत. पुढं तिघं मांडीला मांडी लावून बसतील असं लांबलचक एकसंध आसन. गिअरचा दांडा खाली नाही तर स्टिअरिंगलाच चिकटलेला. पुढची काच एकाच तुकड्याची, दोन्ही बाजूंना मागं वळत गेलेली. जिल्ह्यात तशी दुसरी नव्हती, आणि आता तर देशातही मोजक्याच उरल्या असतील. ती चालवायचा मान दोधूच्या थोरल्या भावाचा, धुडकूचा. दोधूनं एकदा हौस करून पाहिली तेव्हा ती सरळ उकिरड्यात नेऊन घातली होती. त्यानंतर कुणी त्याच्या हातात चावी दिली नाही, त्यानंही मागितली नाही.

दोधूची एकुलती लेक रोहिणी. तिच्या लग्नात आधीपासून ठरलेलं की नवरी ओक्सालमध्ये बसून शहाद्याला जाणार आणि गाडी मोठे आप्पा, म्हणजे धुडकू, चालवणार. लग्नाच्या सकाळी धुडकू गाडी सजवायला नंदुरबारला गेला तो गेलाच. पंगती उठल्या, रडारड होऊन गेली, व्याही मंडळी घड्याळं बघायला लागली, तरी ओक्सालचा पत्ता नाही. शेवटी कुणाची तरी जीप आणली आणि लेकीला तिच्यात बसवलं. दोधू नारळ घेऊन जीपच्या चाकाशी वाकणार एवढ्यात हॉर्न वाजवत ओक्साल वेशीतून आत आली. नाकापासून डिकीपर्यंत शेवंतीनं मढवलेली! फुलवाल्याचं काम धुडकूला पसंत पडलं नव्हतं, म्हणून सगळी फुलं उतरवून त्यानं पुन्हा नव्यानं लावून घेतली होती. उशीर झाला तो एवढ्यासाठी. काचेमागं तो हसत होता, आपण पुतणीसाठी केवढं करून आणलंय या आनंदात. ते हसू दोधूला सोसलं नाही आणि हातातला नारळ सुटला.

काच फुटली, पण खाली पडली नाही. दोन काचांमध्ये पातळ पदर घालून केलेली ती जुन्या पद्धतीची काच. कोळ्याचं जाळं पडावं तशी तडकून जागच्या जागी राहिली. रोहिणीची जीप नारळाशिवायच गेली. धुडकू खाली उतरला. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर तिथंच मिटलं असतं. पण तो सगळ्यांदेखत एवढंच म्हणाला, "जेनी फोडी तोच नवी बसाडी. तवलोंग गाडी खळामाच ऱ्हाई."

झालं. फोडणाऱ्यानंच नवी बसवायची, तोवर गाडी खळ्यातून हलायची नाही, हे वाक्य गावानं उचललं. कुणी समेटाची गोष्ट काढली की दुसरा कुणी हे वाक्य पुढं करायचा. दोघांच्या घरांमध्ये एक बोळ, बोळाच्या टोकाला धुडकूचं खळं, तरी भाऊ भावाचा उंबरा चढला नाही. बायका येत-जात राहिल्या, ताटं झाकून जात-येत राहिली. दोधूची बायको वारली तेव्हा धुडकू स्मशानात आला, चितेवर लाकूड ठेवलं आणि एक शब्द न बोलता मागच्या वाटेनं निघून गेला. इकडं ओक्साल खळ्यात ताडपत्रीखाली. दर अमावास्येला धुडकू तिचं इंजिन चालू करायचा, मरू नये म्हणून. ती घुरघुर दोधूच्या ओट्यापर्यंत यायची, आणि ती आली की दोधू काहीतरी काम काढून घरात जायचा.

अशी वर्षं गेली. रोहिणी शहाद्याला शाळेत शिकवायला लागली, स्वतःची गाडी स्वतः हाकत माहेरी यायला लागली. आली की आधी बापाकडे चहा, मग बोळ ओलांडून मोठ्या आप्पांकडे जेवण. परवाच्या दिवाळीत ती तिकडून परत आली ती तोंड पाडून.

"नाना, मोठा आप्पाले आते कमी दखास," ती म्हणाली. "साखर डोयास्मा उतरनी. डॉक्टर म्हने, उन्हाळालोंग दखाई तं दखाई."

दोधू सुपारी कातरत होता, ती तशीच राहिली.

"जाय ना एक डाव त्यासनाकडे," रोहिणी म्हणाली. "बठ घडीभर. काही बोलू नको पाहिजे तं."

"रिकामा हात लई कसा जाऊ?"

"मंग काय लई जाशी? पेढा?"

"काच," दोधू म्हणाला.

आणि एकदा त्याच्या तोंडून शब्द गेला की तो मागं घ्यायची त्या घराण्याला सवयच नाही. त्यानं मनात सगळं जुळवूनही टाकलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, रोहिणी माहेरी येते. त्या दिवशी ओक्सालला नवी काच असेल, धुडकू चालवायला बसेल, रोहिणी त्याच्या शेजारी, आणि पाठवणीच्या दिवशी निघायची राहिलेली ती गाडी अख्ख्या गावाला वळसा घालून येईल. फक्त हे सगळं भावाच्या डोळ्यांत उजेड आहे तोवर व्हायला हवं. नव्या काचेतून भावाला रस्ता दिसला पाहिजे. दिवाळीपासून आखाजीपर्यंत हिवाळा होता, शिमगा होता, उन्हाळ्याचं तोंड होतं. दोधूला ते पुष्कळ वाटलं.

त्यानं आधी खऱ्या काचेचा शोध घेतला. सुरतला विचारलं, इंदूरला विचारलं. सगळीकडून एकच उत्तर आलं, की या वाकाचा साचा कुणाकडे नाही आणि एका काचेसाठी कुणी तो करणारही नाही. मग कुणीतरी हेमकांतचं नाव सांगितलं. नंदुरबारात हेमकांतचं अ‍ॅक्रिलिकचं दुकान. दुकानांच्या पाट्यांवरची चमकती अक्षरं, शाळांच्या बक्षिसांच्या ढाली, डॉक्टरांच्या दारावरच्या नावपट्ट्या तो करतो. माणूस कामाला पक्का आणि दिलेल्या तारखेला तेवढाच कच्चा.

"नाना, मी अ‍ॅक्रिलिकनी करी देस," हेमकांत म्हणाला. "काचपेक्षा सफा दखाई. पन गाडी हायवेवर लई जावानी नई. गावमा फिरा."

"माले गावमाच फिरनं शे," दोधू म्हणाला.

आता अडचण अशी, की काच बसायची त्या गाडीवर, आणि गाडी भावाच्या खळ्यात. दोधूनं रोहिणीकरवी वहिनीला, गजराबाईला, निरोप धाडला. गजराबाईनं उलट निरोप दिला की दुपारी या, तेव्हा ते झोपलेले असतात. मग एका दुपारी दोधू आणि हेमकांत चोरासारखे खळ्याच्या मागच्या फाटकातून आत शिरले. दोधूनं कितीतरी वर्षांनी त्या मातीवर पाय ठेवला. ताडपत्री ओढली तर ओक्साल तशीच्या तशी. पत्र्यावर धूळ नाही, चाकांत हवा भरलेली, आणि समोर ती तडकलेली काच. दोधूला तिच्याकडे बघवेना. तो वाकून हेमकांतचा टेप धरत राहिला.

गजराबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दारात आली.

"भाऊजी, उनात तसा घरमा तं या. पानी प्या."

"भाऊ?"

"झोपेल शेत."

"काच बसू दे, वैनी," दोधू म्हणाला. "मंग येसू. गोड खाईसनच जासू."

गजराबाई भरला तांब्या घेऊन तशीच आत गेली.

दुसऱ्यांदा ते साचा घ्यायला गेले. गणपतीच्या मूर्ती करणाऱ्याकडून हेमकांतनं प्लास्टर आणलं होतं. तडकलेल्या काचेवर प्लास्टिकचा कागद चिकटवायचा, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या थरावर थर द्यायच्या, वाळलं की अलगद उचलायचं. म्हणजे काचेचा वाक जसाच्या तसा हातात. सुरुवातीला दोधू कुजबुजत बोलत होता. मग एक पट्टी घसरली आणि सवयीप्रमाणे तो हेमकांतवर असा ओरडला की बोळातली कुत्री उठली. घरातून मात्र हूं की चूं नाही. भाऊ गाढ झोपतो हे बरं आहे, असं दोधूला वाटलं. साचा उचलून ते टेम्पोत घालत होते तेव्हा गजराबाईनं पुन्हा पाणी विचारलं, आणि दोधूनं पुन्हा तेच उत्तर दिलं.

पुढचं काम नंदुरबारात, आणि तेही एका बेकरीत. अ‍ॅक्रिलिकचा एवढा मोठा पत्रा तापवायला हेमकांतकडे भट्टी कुठली? त्याच्या ओळखीच्या एका बेकरीवाल्याचे टोस्ट दुपारपर्यंत उतरायचे, मग मधल्या वेळात भट्टी यांची. अ‍ॅक्रिलिकचा पत्रा सावकाश तापला की कच्च्या पापडासारखा लवायला लागतो. तेवढ्यात हातमोजे घालून चौघांनी तो उचलायचा, फ्लॅनेल घातलेल्या साच्यावर टाकायचा आणि कडा दाबून धरायच्या. जरा उशीर झाला की तो पुन्हा ताठ. दोधू मोठ्या इतमामानं एक कड धरायचा आणि बाकी तिघांना सूचना द्यायचा.

पहिला पत्रा फुगला. त्यात ओल राहिली होती, आतून बुडबुडेच बुडबुडे आले. दुसरा पत्रा जास्त तापला आणि त्यावर फ्लॅनेलची वीण उमटली. बेकरीवाला म्हणाला, "नाना, ही काच नई, गाडीले धोतर नेसाडं तुम्ही." दर वेळी नवा पत्रा सुरतहून मागवायचा, दर वेळी हेमकांतची दुसरी कामं मध्ये यायची. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरच्या पसरल्या, वाळल्या, पोत्यांत भरल्या गेल्या; दोधू त्या रस्त्यानं शिंकत जायचा, शिंकत यायचा.

तिसरा पत्रा साधला. शिमग्याच्या आधी तो घेऊन दोघं तिसऱ्यांदा खळ्यात गेले. जुनी काच रबरासकट काढून बाजूला ठेवली आणि नवी जागेवर धरून पाहिली. तंतोतंत बसली. हेमकांत पुढून धरून उभा होता, दोधूनं गाडीत बसून बाहेर पाहिलं. फाटक दिसलं, फाटकापलीकडचा निंब दिसला, सगळं लख्ख. मग त्यानं मान डावीकडे नेली. खालच्या कोपऱ्यातून रस्त्यावरचा विजेचा खांब पाहिला तर तो मध्येच वाकलेला.

"खांब वाकडा दखास," दोधू म्हणाला.

"नाना, तो कोपरा बठनाराना गुडघापुढे शे," हेमकांत म्हणाला. "चालाडनाराले तं काहीच दखाव नई. बसाडी देऊत."

"नई. दुसरी कर."

"अहो, इतली तं कंपनीनी काचमा बी लहर ऱ्हास."

"मन्हा भाऊले वाकडं दखाडू का मी?"

इथं दोधूचं चुकलं. हे त्याला नंतर कुणी सांगावं लागलं नाही. पण त्या दुपारी त्याला वाटत होतं की फोडलेल्या वस्तूच्या बदल्यात द्यायची ती वस्तू नावालाही उणी असता कामा नये, नाहीतर धुडकू तिच्यातही खोट काढील. भावाला तो एवढंच ओळखत होता. हेमकांतनं काच उतरवून गाडीवर पुन्हा ताडपत्री ओढली; गजराबाई तांब्या घेऊन आली तेव्हा दोधू आधीच फाटकाबाहेर पडला होता.

रोहिणीला फोनवर कळलं तशी ती चिडली. "नाना, खांब वाकडा दखास तं दखू दे! तू जाई बठ ना आप्पाजोडे. काच मांगून बसाड."

"आखाजीले अजून गंज दिन शेत, घाई काय शे," दोधू म्हणाला.

"आखाजीले शेत. त्यासना डोयासले शेत का?"

दोधूला राग आला. त्यानं फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी हेमकांतच्या दुकानात जाऊन बसला. पत्रा यायला वेळ लागला. आला तेव्हा लगीनसराईमुळे बेकरीवाल्यानं भट्टी द्यायला नकार दिला. मग त्याची मनधरणी. सरतेशेवटी चौथी काच झाली आणि ती खरोखरच नमुनेदार झाली. दुकानात ती उभी करून ठेवली तर एक गिऱ्हाईक तिच्यातून आरपार जायला निघालं आणि कपाळ आपटून घेतलं. हेमकांतनं घाईघाईनं तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली. दोधू खूप दिवसांनी मनापासून हसला.

त्याच आठवड्यात गजराबाईचा निरोप आला, की यांना डोळ्यांसाठी सुरतला नेतोय, भाचा बरोबर आहे, चार-आठ दिवस लागतील. दोधूला हे ऐकून बरं वाटलं. हो, बरंच वाटलं. मोठं हॉस्पिटल, मोठे डॉक्टर. भाऊ डोळे साफ करून येईल, आणि तोवर खळं मोकळं मिळेल. देवानंच सगळं जुळवून आणलं असं तो हेमकांतला दोनदा म्हणाला.

काच बसवायचा दिवस तर सणासारखा गेला. जुनं रबर कडक झालेलं, म्हणून ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानातून नवं आणलं. काचेच्या कडेला रबर, रबराच्या खाचेत सुतळी, वरून साबणाचं पाणी. एकानं बाहेरून काच दाबायची, दुसऱ्यानं आत बसून सुतळी ओढत जायची, म्हणजे रबराचा ओठ आपोआप चौकटीवर चढतो. सुतळी दोधूनं ओढली. शेवटचं टोक सुटलं आणि काच टप्प करून बसली. हेमकांतनं सांगितलं, फक्त साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, दुसरं काही लावायचं नाही. दोधूनं धुऊन-पुसून ती अशी केली की गाडीला काच आहे हे हात लावल्याशिवाय कळू नये. डावीकडच्या कोपऱ्यातून त्यानं खांब पाहिला. खांब सरळ होता.

आखाजीच्या दोन दिवस आधी सुरतची गाडी बोळाच्या तोंडाशी येऊन थांबल्याचा आवाज दोधूला आला. तो उठलासुद्धा. मग पुन्हा बसला. एवढी वर्षं थांबलो, आता दोन दिवसांत काय बिघडतं, आखाजीलाच जाऊ, लेकीला घेऊन जाऊ, असं त्यानं स्वतःला समजावलं. खरं तर तो घाबरला होता. रोहिणीनं वहिनीला फोन करून डोळ्यांचं विचारलं होतं, पण "औषध चालू शे" यापलीकडे गजराबाई काही बोलली नव्हती.

आखाजीच्या सकाळी रोहिणी आली. दोधूनं धुतलेलं धोतर नेसलं, नवी टोपी घातली. गल्लीत झोके बांधले होते, माहेरवाशिणींची गाणी चालली होती, घराघरातून खापरावरच्या मांड्यांचा वास येत होता. बाप-लेक बोळ ओलांडून गेले. या वेळी पुढच्या दारानं.

धुडकू अंगणात खाटेवर बसला होता. दोधू त्याच्या समोर जाऊन उभा राहिला. काय म्हणायचं ते त्यानं रात्रीपासून घोकलं होतं, पण आधी भावानं आपल्याकडे बघावं, एक शिवी द्यावी, मग बोलावं असं त्याच्या मनात होतं. धुडकूनं मान वर केली. त्याची नजर दोधूच्या तोंडावरून फिरली आणि न थांबता पुढं भिंतीवर गेली.

"कोन शे?" धुडकूनं विचारलं.

दारातून गजराबाई हळूच म्हणाली, "डोयास्मा रक्त उतरनं, भाऊजी. शिमगा व्हयना आनि मंग. सुरतवालासनी हात टेकात. उजेड-अंधार तितला समजस. यासनीच सांगेल व्हतं, आखाजी गोड व्हवू द्या, मंग सांगा."

"मी, भाऊ," दोधू म्हणाला. "दोधू."

धुडकूनं खाटेवर हात आपटून शेजारची जागा दाखवली आणि दोधू तिथं बसला. घोकलेलं सगळं तो विसरला होता. "काच बसाडी, भाऊ," एवढंच त्याच्या तोंडून निघालं, आणि ते म्हणताना त्याला स्वतःची एवढी लाज वाटली की जमीन दुभंगती तर तो आत गेला असता.

"गजराबाईनी सांगं," धुडकू म्हणाला. "चाल, देखूत." तो शब्द तोंडातून गेल्यावर तोच थोडा हसला. "रोहिणीबाई, तू चालाड. तुन्हाच मान शे."

रोहिणी डोळे पुसत म्हणाली, "आप्पा, हाई गेर माले समजाव नई."

"तू क्लच दाब. गेर मी टाकस."

तशी ती निघाली. पुढच्या त्या लांब आसनावर उजवीकडे रोहिणी, मध्ये धुडकू, डाव्या दाराशी दोधू. धुडकूचा हात न चाचपडता स्टिअरिंगच्या दांड्यावर गेला. रोहिणीनं क्लच दाबला की तो गिअर टाकायचा. कुठं चढ आहे, कुठं गटार आहे, कुठं वेग कमी करायचा, ते त्याला तिच्या आधी कळत होतं. फाटकातून ओक्साल बाहेर पडली तशी झोक्यांवरच्या पोरी गाणं सोडून धावत आल्या. म्हातारी माणसं ओट्यांवर उभी राहिली. "काच शे का नई हो नाना?" कुणीतरी ओरडून विचारलं. दुसऱ्या कुणी वाहवा केली. एरवी दोधूनं या शब्दांसाठी जीव टाकला असता. आता त्याला वाटत होतं की यांनी गप्प बसावं.

"चांगली बसाडी रे," धुडकू म्हणाला. "तोंडले वारा लागी नई ऱ्हायना."

"हां, भाऊ."

गाडी मारुतीच्या देवळाला वळली. धुडकूनं गिअर बदलला आणि समोर तोंड ठेवूनच म्हणाला, "तू साचा लेवाले उना, मंग शिमगाना पहिले उना, तवय माले दखाये अजून. खळालोंगनं तं साफ दखाये."

दोधूनं चमकून विचारलं, "तू तं झोपेल व्हता ना? वैनी म्हने..."

"मीच सांगेल व्हतं तिले, तशी म्हन म्हनीसन. म्हनं, देखूत, खळामा येस तो घरमा बी येस का. तिन्ही डाव खिडकीमा उभा व्हतू मी."

"मंग हाक मारी लेता, भाऊ!"

"मारनार व्हतू. तू म्हनस, काच बसू दे. मी म्हनं, बसू दे."

"तूच म्हनेल व्हता, जेनी फोडी तोच..."

"रागमा म्हनेल गोट ती," धुडकू म्हणाला. "इतला वरीस जपी ठेवानी व्हती का?" मग हळू आवाजात, "तिन्ही डाव तू गाडीमा डोकं घाली उभा. तुन्ही पाठच दखायनी रे, दोधू. तोंड काही दखायनं नई."

रोहिणीनं गाडी हळू केली होती.

"केस पिकनात का तुन्हा?" धुडकूनं विचारलं.

"सगळा पिकनात."

"बापसारखा दखात व्हशी आते," धुडकू म्हणाला, आणि पुढं रस्त्यात खड्डा आहे म्हणून त्यानं रोहिणीला क्लच दाबायला सांगितलं.

दोधूला रडू आलं आणि त्यानं ते आवरलं नाही. मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली, दाराला पाठ लावली आणि आसनावर पूर्ण वळून भावाकडे तोंड करून बसला. भावाला ते दिसणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. गाडी गावाला वळसा घालून परत खळ्यात येईपर्यंत तो तसाच बसून राहिला. समोरच्या काचेतून रस्ता कसा दिसतो, ते त्यानं एकदाही पाहिलं नाही.